राजीनाम्यांची शाळा

शाळेतला सगळ्यात मोठा गुन्हा कोणता, असं कुठल्याही जुन्या मास्तरांना विचारा. कॉपी नाही, उशिरा येणं नाही, गृहपाठ घरी विसरणं तर नाहीच नाही. ते सांगतील, 'उलट उत्तर'. बाकी सगळ्याला माफी आहे, उलट उत्तराला नाही. महाराष्ट्रातली एक अत्यंत नामांकित शाळा मात्र उलट उत्तरातूनच जन्माला आली आहे, आणि तिथेही गेली जवळजवळ दीडशे वर्षं मुलांना उलट उत्तर देऊ नका म्हणूनच शिकवलं जातंय.

विष्णुशास्त्री चिपळूणकर हे सरकारी हायस्कुलात मास्तर. 1874 पासून त्यांची 'निबंधमाला' निघत होती. तीत ते सरकार, मिशनरी, सुधारक, पंतोजी यांपैकी कोणालाही उपाशी ठेवत नसत. पुढे त्यांची पुण्याहून रत्नागिरीला बदली झाली. पुणेकराला रत्नागिरीला पाठवणं ही शिक्षा की बक्षीस, हे आंब्याचा मोसम चालू आहे की नाही यावर ठरतं. पण शास्त्रीबोवांनी मोसमाची वाट पाहिली नाही. 1879 साली राजीनामा देऊन ते पुण्याला परतले आणि 1 जानेवारी 1880 रोजी बुधवार पेठेत मोरोबादादांच्या वाड्यात स्वतःची शाळा काढली. स्वतःला मराठी भाषेचा शिवाजी म्हणवणाऱ्या गृहस्थांनी शाळेचं नाव ठेवलं 'न्यू इंग्लिश स्कूल'. नावं ठेवण्यात पुणं पहिल्यापासून वाकबगार, पण या नावाला मात्र कोणी नावं ठेवल्याचं ऐकिवात नाही. इंग्रजीला वाघिणीचं दूध म्हणणारे शास्त्रीबोवाच होते. दूध वाघिणीचं, धार काढायची बुधवार पेठेत.

शास्त्रीबोवांना साथीदार मिळाले तेही तसेच. बाळ गंगाधर टिळक हे कॉलेजचं पहिलं वर्ष अभ्यासाऐवजी तालमीत घालवलेले, एम.ए.चा नाद सोडून एलएल.बी. झालेले आणि वकील होऊन वकिली न करणारे. वय 23. महादेव बल्लाळ नामजोशी हे खटपटे. प्रत्येक संस्थेला असा एक माणूस लागतो, आणि प्रत्येक संस्थेच्या इतिहासात त्याचं नाव 'तसेच' या शब्दानंतर येतं. वामन शिवराम आपटे हे संस्कृतचे एम.ए. पुढे 1890 साली त्यांचा संस्कृत-इंग्रजी कोश निघाला, आणि अजूनही संस्कृतवाल्यांच्या टेबलावर तो असतो. गोपाळ गणेश आगरकर एम.ए. होऊन पुढच्या वर्षी दाखल झाले. कॉलेजात त्यांच्याकडे एकच सदरा होता, तो ते रात्री धुऊन सकाळी घालत. मोठ्या पगाराची नोकरी मी करणार नाही, असं त्यांनी आईला आधीच कळवून टाकलेलं. आजच्या पालक-सभेत असा मुलगा उभा केला, तर पहिल्या रांगेतल्या आया डोळे पुसतील. त्याच्या आदर्शासाठी नव्हे, त्याच्या आईसाठी.

गंमत बघा. शाळेतला सगळ्यात पोक्त माणूस तिशीच्या आत. टिळकांनी पहिलं वर्ष पगारच घेतला नाही. नोकरीच्या जाहिरातीत आज 'अनुभव आवश्यक' असं असतं, तसं तेव्हा असतं तर ही मंडळी मुलाखतीलाही बोलावली गेली नसती. आणि समजा बोलावली असतीच, तर मुलाखत घेणाऱ्यांनाच दोन गोष्टी सुनावून बाहेर पडली असती.

शाळा मात्र धडाक्यात चालली. एक वर्ष पुरं होताच, 1881 च्या जानेवारीत, या मास्तरांनी 'केसरी' आणि 'मराठा' ही दोन पत्रं काढली. म्हणजे दिवसभर मुलांच्या वह्या तपासायच्या आणि रात्री सरकारच्या. दुसऱ्या तपासणीत लाल शाई जरा जास्त सांडली. कोल्हापूरचे कारभारी बर्वे यांच्याविरुद्ध छापलेल्या मजकुरावरून अब्रुनुकसानीचा खटला झाला, आणि टिळक व आगरकर हे दोन्ही मास्तर 1882 साली डोंगरीच्या तुरुंगात गेले. चार महिन्यांची शिक्षा, सूट मिळून 101 दिवस. निबंधमालेत शास्त्रीबोवांनी ज्या जोतीराव फुल्यांवर यथेच्छ तोंडसुख घेतलं होतं, त्याच जोतीरावांच्या शब्दाखातर रामशेठ उरवणे यांनी या दोघांसाठी 10 हजारांचा जामीन दिला होता. शास्त्रीबोवा त्याआधी, मार्चमध्येच, वारले होते. ते असते तर या विषयावर निबंधमालेत काय लिहिलं असतं, ही एक मोठीच करमणूक मराठी वाचकाच्या हातून गेली.

आता त्या वर्षी शाळेत जाणाऱ्या एखाद्या मुलाचा विचार करा. "आज गणिताचा तास नाही का रे?" "नाही, सर तुरुंगात आहेत." घरी येऊन हे सांगितल्यावर बापाने काय करायचं? नाव काढायचं की पेढे वाटायचे? आणि पंचाईत अशी, की त्याच 1882 साली शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटरसाहेब शाळेत येऊन तोंड भरून कौतुक करून गेले. म्हणजे एकाच सरकारचा एक हात शाळेची पाठ थोपटतोय आणि दुसऱ्या हाताने तिच्या मास्तरांना कोठडीत टाकलंय. बापाने नाव काढलं नसावं. दोनच वर्षांत शाळेचा पट हजाराच्या घरात गेला.

शिक्षक म्हणून टिळक कसे होते? गणित तोंडी सोडवायचे, फळ्यावर पायऱ्या मांडत बसायचा त्यांना कंटाळा, असं चरित्रकार सांगतात. हुशार मुलं खूश, बाकीची हवालदिल. बोर्डाच्या परीक्षेत टिळकांचाच पेपर आजच्या परीक्षकाकडे गेला, तर उत्तर बरोबर असूनही पायऱ्यांचे गुण जाणार आणि शेरा पडणार, 'सविस्तर लिहा'. टिळकांनी पुढे ही सूचना फारच मनावर घेऊन अमलात आणली, त्याकडे आपण येऊच.

1884 च्या 24 ऑक्टोबरला डेक्कन एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली, आणि 1885 च्या 2 जानेवारीला फर्ग्युसन कॉलेज. स्वदेशी बाण्याच्या लोकांनी कॉलेजला नाव दिलं मुंबईच्या गव्हर्नरचं. पुण्यात तत्त्वापुढे कोणाचंही चालत नाही. फक्त इमारतीपुढे तत्त्वाचं चालत नाही. याच सुमाराला हुजूरपागेत, म्हणजे पेशव्यांचे घोडे बांधायच्या जागेत, मुलींची शाळा सुरू झाली, आणि तिथल्या शिक्षणक्रमाला टिळकांनी विरोध केला. शाळा काढणाऱ्या माणसाने शाळेला विरोध करावा, हेही इथेच. मुलींनी लक्ष दिलं नाही. त्यांची शाळा अजून चालू आहे.

न्यू इंग्लिश स्कूलच्या जागा पाहिल्या तरी या शाळेच्या नशिबात काय लिहिलं होतं ते कळतं. सुरुवात झाली ती मोरोबादादा फडणिसांच्या वाड्यात. हे मोरोबा नाना फडणविसांचे चुलतभाऊ. 1778 साली त्यांनी नानांविरुद्ध कारस्थान केलं आणि नानांनी त्यांना कैदेत टाकलं. शाळा पुढे भरू लागली ती खुद्द नानांच्या वाड्यात. भाऊबंदकीच्या दोन्ही पक्षांकडे पाटावर बसून आलेली ही एकमेव संस्था असावी. नाना तर साडेतीन शहाण्यांपैकी अर्धे शहाणे. तलवार चालवली नाही म्हणून त्यांचे अर्धे गुण कापले गेले होते; प्रात्यक्षिकात नापास होण्याची परंपरा अशी जुनी आहे. त्या वाड्यात बसून जी मुलं शिकली, त्यांना घरचे 'दीडशहाणा' म्हणत, त्याला ऐतिहासिक आधार आहे. अर्धं शहाणपण वाड्याचं, एक त्यांचं स्वतःचं.

पुढे संस्थापकांचं जे व्हायचं तेच झालं. टिळक आणि आगरकर एका कोठडीत 101 दिवस राहून भांडण मिटवू शकले नाहीत, उलट वाढवून बाहेर आले. आगरकरांनी 1887 साली 'केसरी' सोडला, 1888 साली 'सुधारक' काढला. शहरातल्या सनातन्यांनी आगरकरांची जिवंतपणी प्रेतयात्रा काढली. दुसऱ्या दिवशी त्यांनी वर्गात हजेरी घेतली असेल तेव्हा 'हजर' म्हणताना पोरांची काय अवस्था झाली असेल, हे इतिहासकारांनी कोणीच नोंदवलेलं नाही. इतिहासकार नेहमी पहिल्या बाकावरचे असतात, हा त्यांचा दोष. 1885 पासून गोपाळ कृष्ण गोखले नावाचा एक विशीही न गाठलेला, सौम्य, अत्यंत टापटिपीचा तरुण शाळेत शिकवू लागला होता. त्याने अंकगणिताचं पुस्तक लिहिलं, आणि पुढच्या पिढ्यांतल्या पोरांनी नळ, टाक्या आणि व्याज यांच्याबद्दल गोखल्यांना जे शाप दिले, ते कोणत्याही राजकीय विरोधकाने दिले नसतील. याच गोखल्यांनी सार्वजनिक सभेचं चिटणीसपद घेण्यावरून सोसायटीत वाद पेटला, आणि 1890 च्या डिसेंबरात टिळकांनी राजीनामा दिला. राजीनामा कसला, ग्रंथच तो. वेतन, त्याग, नियम, कोण कधी काय म्हणालं, सगळं पायऱ्यापायऱ्यांनी मांडलेलं. 'सविस्तर लिहा' हा शेरा असा वसूल झाला.

म्हणजे हिशेब असा: शाळा सुरू झाली एका राजीनाम्यातून, नावारूपाला आली तुरुंगातून आणि प्रौढ झाली दुसऱ्या राजीनाम्यातून. पुढे इथल्या विद्यार्थ्यांनीही परंपरा मोडली नाही. एस. एम. जोशी आणि ना. ग. गोरे हे दोघे इथलेच. दोघांनी तुरुंगाच्या वाऱ्या मास्तरांपेक्षा कितीतरी जास्त केल्या. गुरूंनी पाया घातला, शिष्यांनी कळस चढवला.

आमची शाळा ही नव्हे. आमची याच घराण्यातली, पण धाकट्या पातीची. नाव सांगत नाही, कारण तिथले एक सर अजून हयात आहेत आणि त्यांचा हात अजून भारी आहे. महाराष्ट्रात गावोगाव 'न्यू इंग्लिश स्कूल' नावाच्या ज्या शाळा आहेत, नाहीतर टिळक, आगरकर, गोखले यांच्या तसबिरी लावून ज्या चालल्या आहेत, त्या सगळ्या साधारण एकाच साच्यातल्या. तसबिरी मुख्याध्यापकांच्या खोलीत. त्यामुळे या थोर पुरुषांचं दर्शन आम्हाला नेहमी शिक्षा भोगतानाच झालं. अंगठे धरून उभं राहिलं की गोखले उलटे दिसत. उलटेही ते सज्जनच दिसत.

दर वर्षी 1 ऑगस्टला लोकमान्यांची पुण्यतिथी. वक्तृत्व स्पर्धा. 'अध्यक्ष महाशय, पूज्य गुरुजनवर्ग आणि माझ्या बालमित्रांनो' इथपर्यंत सगळे सारखे, आणि तिथून पुढेही सगळे सारखेच. वर्गात कोणीतरी शेंगा खातं, टरफलं टाकतं, मास्तर सगळ्यांना उचलायला सांगतात आणि छोटा बाळ बाणेदारपणे नकार देतो. ही गोष्ट आम्ही एका सकाळी वीस-वीसदा ऐकली आहे. विसाव्या मुलाच्या वेळी तर शेंगा भाजून, सोलून, कूट करून झालेला असे. परीक्षक बाई डोळे मिटून गुण देत. बक्षीस आवाजाला मिळे.

गोखल्यांची गोष्ट मात्र एखादाच सांगे. शाळेत गणित बरोबर आलं म्हणून मास्तरांनी शाबासकी दिली आणि छोटा गोपाळ रडू लागला, कारण ते त्याने दुसऱ्याच्या मदतीने केलं होतं. आता नीट पाहिलं तर एकोणिसाव्या शतकातलं अख्खं महाराष्ट्राचं राजकारण या दोन गोष्टींत आहे. आणि मास्तरांची खरी पंचाईतही. भाषणात त्यांना टिळक हवा असतो, वर्गात गोखले. चाळीस टिळकांच्या वर्गावर भूगोल कोण शिकवणार? आमच्याकडे सहावी 'क' मध्ये एकाने खरोखरच प्रयोग करून पाहिला. खडूचे तुकडे उचल म्हटल्यावर तो छाती काढून म्हणाला, "मी टाकले नाहीत, मी उचलणार नाही." कालच या वाक्यावर त्याला पहिलं बक्षीस मिळालं होतं. आज त्याच वाक्यावर तो कोंबडा झाला. त्याने खाली मान घालून विचारलं, "सर, मग टिळकांनी उचलली नाहीत ती टरफलं शेवटी उचलली कोणी?" सर क्षणभर थांबले. मागच्या बाकावरून कोणीतरी म्हणालं, "शिपाईमामांनी." यावर वर्ग हसला, पण मला वाटतं या प्रश्नाचं इतकं अचूक उत्तर अजून कोणी दिलेलं नाही.

शिपाईमामा हे शाळेतलं खरं सत्ताकेंद्र. आमच्याकडे घंटा म्हणजे व्हरांड्यात तारेने टांगलेला रेल्वेच्या रुळाचा तुकडा. त्यावर मामा लोखंडी कांबीने टोल देत. मुख्याध्यापक बदलले, सरकारं बदलली, 1975 साली अकरावीची मॅट्रिक जाऊन दहावी आली. मधली सुट्टी मात्र मामांचा तंबाखूचा बार भरून झाल्याशिवाय संपली नाही. ती दहा मिनिटं मिळावीत म्हणून पोरं त्यांना चुना आणून देत. लोकशाहीत दबावगट कसे काम करतात, हे नागरिकशास्त्राच्या पुस्तकात नव्हतं, व्हरांड्यात होतं.

आमचे बाक जुने, सागवानी, वर उतार असलेले. उजव्या कोपऱ्यात दौत ठेवायचं एक गोल भोक. दौती जाऊन जमाना झाला होता, भोकं राहिली होती. त्यातून बोट घालून कर्कटकाने खालची बाजू पोखरली, की खालच्या कप्प्यातली चिठ्ठी वर काढता येई. कोणत्या पिढीने हे काम सुरू केलं कोणास ठाऊक, पण प्रत्येक तुकडीने थोडं थोडं पुढे नेलं होतं. बाकाच्या पाठीवर नावं कोरलेली. बदाम, बाण, एक अर्धवट राहिलेला ताजमहाल. एका बाकावर एकाच आडनावाची तीन नावं, तीन वेगवेगळ्या अक्षरांत, एकाखाली एक. बाप, मुलगा आणि, तिसऱ्याचं नाव पुसट असल्यामुळे, बहुधा आजोबा. अशा बाकावर बसणाऱ्या चौथ्याला मात्र प्रगतिपुस्तक दाखवताना घरून कोणी काही बोलू शकत नसणार. पुरावा सागवानात होता.

आणि फळे दोन. एक दर्शनी दारात, तेलरंगाने रंगवलेला: गुणवंत विद्यार्थी, साल, नाव, टक्के. दुसरा वर्गात, खडूचा: बडबड करणाऱ्यांची नावे. हा फळा ऑफ तासाला मॉनिटर लिही. मॉनिटर हा माणूस पुढे काय होणार हे त्याच तासात कळे. चार बोरं मिळाली की नाव पुसलं जाई, आठ मिळाली की दुसऱ्याचं लिहिलं जाई. नावापुढे फुल्या असत. तीन फुल्या म्हणजे अतिशय बडबड. तेलरंगाच्या फळ्यावरचे लोक पुढे अमेरिकेत गेले. खडूच्या फळ्यावरचे नगरसेवक झाले. शाळेच्या नव्या इमारतीचा निधी कोणाकडून आला, हे वेगळं सांगायला नको. पहिल्यांनी मेल पाठवून आठवणी दिल्या, दुसऱ्यांनी सिमेंट दिलं. आणि दोघांचे मॉनिटर अजून मॉनिटरच आहेत. सोसायटीचे सेक्रेटरी वगैरे.

तुकड्यांबद्दल बोलावं तितकं थोडं, म्हणून बोलत नाही. 'अ' म्हणजे हुशार, आणि पुढे ब, क, ड या क्रमाने आशा मावळत जाई, एवढं पुरे. मी कुठल्या तुकडीत होतो ते या लेखावरून कळलं असेलच.

जुन्या शाळेच्या मुलांची रग आता कुठे जिरते, तर ढोल-पथकात. पुण्यात रमणबाग, म्हणजे न्यू इंग्लिश स्कूलची जागा, म्हटलं की बाहेरगावच्या माणसाला शाळा आठवायच्या आधी ढोल आठवतो. ज्ञानप्रबोधिनी, रमणबाग, विमलाबाई गरवारे, या शाळांतून ही पथकं निघाली आणि मग गल्लोगल्ली पसरली. ज्या टिळकांनी शाळा काढायला हातभार लावला, त्यांनीच पुढे गणेशोत्सवही सार्वजनिक केला, तेव्हा हेही शेवटी त्यांच्याच खात्यावर. वर्गात 'आवाज नको' म्हणून ज्यांची नावं फळ्यावर लागली, ती पोरं आता लक्ष्मी रस्त्यावर त्या सगळ्याची भरपाई करतात, आणि नाव लिहायला पुढे यायची कुठल्याही मॉनिटरची हिंमत होत नाही.

सध्या आमच्या बॅचच्या मेळाव्याची तयारी चालू आहे. व्हॉट्सॲपवर ग्रुप आहे. म्हणजे मूळचा एक, त्यातून मतभेद होऊन निघालेला दुसरा, आणि दोन्हीत समेट घडवायला काढलेला तिसरा, जो सगळ्यात भांडखोर आहे. विषय साधा होता: सकाळच्या नाश्त्याला उपमा की पोहे. त्यावरून वर्गणी, वर्गणीवरून हिशेब, हिशेबावरून 1990 सालच्या सहलीचे न परत केलेले पैसे, असं करत करत गोष्ट तत्त्वापर्यंत आली. खजिनदाराने परवा रात्री राजीनामा दिला. भाग 1 ते भाग 7, प्रत्येक भागाच्या शेवटी 'क्रमशः'. त्यात आमच्या वर्गातल्या प्रत्येकाने कधी काय म्हटलं ते तारीखवार आहे. भाग 4 मध्ये मीही आहे, पण संदर्भ सोडून घेतलंय. मी उत्तर लिहायला घेतलंय. सध्या पायरी तिसरी चालू आहे.

राजीनामा अजून कोणी पूर्ण वाचलेला नाही, त्यामुळे मंजूरही झालेला नाही. आचाऱ्याला आगाऊ रक्कम देण्याचं काम तोवर त्याच्याकडेच आहे. त्याने पोह्यांची दिली आहे, असं कळतं.